दोन हात

एजंट चौगुले म्हणाला, "ताई, आधी नळ बघा.
गिऱ्हाईक घर बघत नसतंय, गळती ऐकतंय."

म्हणून बंडा प्लंबर आला.
अकरा वर्षं थेंब थेंब बोलणारा न्हाणीतला नळ
त्यानं वीस मिनिटांत गप्प केला.
वायसर, पंधरा रुपये.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मागचं दार.
त्याला खांदा द्यावा लागायचा,
उजवा, आणि कडी धरून जरा वर उचलून.
घरातल्या सगळ्यांना ते अंगानं ठाऊक,
दूध घालणाऱ्या पोरालासुद्धा.
तातोबा सुतारानं बिजागरी बदलली, रंधा मारला,
आता ते बोटानं उघडतंय.
मी दोनदा अंगणात तोंडावर पडता पडता राहिले.

जिन्याचा दिवा लागला.
खिडकीची काच आली, पुठ्ठा गेला.
हे मिस्त्र्यांच्या मागं मागं फिरत म्हणाले,
"हे आधीच करायला पाहिजे होतं."
मी काही बोलले नाही.
सत्तावीस वर्षांच्या संसारात
न बोललेलंही बऱ्यापैकी ऐकू जातं.

राहिली पुढची खोली.
राहिली रेघ.

कुंभार गल्लीच्या मागं राहणाऱ्यांना सांगायला नको.
इथं पावसाळ्यात माणसं फुटांत बोलतात:
राजाराम बंधारा किती? एकोणचाळीस.
जेवलात का? त्रेचाळीस झाले, जेवतोय कुठलं.
एकोणीस सालची रेघ माझ्या छातीला लागते,
एकवीसची तिच्याखाली वीतभर.
मधे मातकट पट्टा, कितीदा पुसला तरी
उन्हाळ्यात परत वर येणारा.

हरूण पेंटरनं अंगठ्यानं भिंत खरवडली.
"पुट्टी भरतो. वरनं दोन हात.
तुम्हालाच सापडायची न्हाई."
आणि खरंच सापडली नाही.
तिसऱ्या दिवशी मी भिंतीसमोर उभी,
स्वतःच्या उंचीचा अंदाज चुकल्यासारखी.

चौगुलेनं पाठ करून घेतलं:
का विकताय, तर लेकीजवळ जायचंय.
पाण्याचं विचारलं तर सांगा.
नाही विचारलं तर चहा सांगा.
(लेक भाड्याच्या दोन खोल्यांत आहे.
खरं कारण एवढंच, की आता ह्यांच्यानं
फ्रिज माडीवर चढवत नाही.)

रविवारी गडहिंग्लजकडचं जोडपं आलं.
तो कपाटं उघडत होता, मापं घेत होता.
तिनं न्हाणीतला नळ सोडला, बंद केला,
कान देऊन थांबली. गप्प. मान डोलावली.
मग मागच्या दाराशी गेली,
कडी धरली, उजवा खांदा लावला,
जरा वर उचललं,

आणि सरळ अंगणात.

मी धरलं तिला. दोघी हसलो.
"आमच्या घरात लावावं लागतंय ओ," ती म्हणाली,
खांदा चोळत, "सवय."

तेवढ्यावर मी तिला पुढच्या खोलीत नेलं
आणि पांढऱ्या भिंतीवर हात ठेवला. आडवा.
"पाणी इथपर्यंत येतं."

चौगुले छताकडं बघत राहिला,
छत खरंच छान झालं होतं.
ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

ती म्हणाली, "मग तुम्ही काय करता?"
आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं. एकोणचाळीसला गहू-तांदूळ वर.
एक्केचाळीसला फ्रिज, कागदपत्रं, शिलाई मशीन.
त्रेचाळीसला आपण, आणि शेजारची म्हातारी जोडी,
त्यांना हाक मारावी लागते, ऐकू कमी येतं.
सिलिंडर बांधून ठेवायचा, नाहीतर तरंगतो.

तिनं पर्समधून पेन काढलं,
माझा हात होता तिथं, त्याच्या बरोबर खाली,
हरूणच्या दोन हातांवर
एक बारीक निळी रेघ ओढली.
मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, टेप आणा इकडं."

चौगुले जिन्यात मला हळूच म्हणाला,
"आता परत एक हात मारावा लागतोय, ताई."
मी म्हटलं, थांबा.
आधी मोजू दे तिला.